सातव्याचं उत्तर

"बाई, चौथ्या प्रश्नात छपाईची काही चूक आहे का?"

खिडकीजवळच्या टेबलावरून एका उमेदवारानं हात वर केला होता. मी त्याच्यापाशी गेले, पेपरवर उगीच नजर फिरवली आणि म्हटलं, "चूक नाही. आहे तसं सोडवा."

तो पुन्हा खाली वाकला. चौथा प्रश्न असा होता: मिठाला जसा उंबरा, तसं सासूला काय?

वाचनालयाच्या त्या लांबट खोलीत रविवारी सकाळी एकोणीस माणसं एका जागेसाठी परीक्षेला बसली होती. एरवी तिथं वर्तमानपत्रं वाचत बसणाऱ्या म्हाताऱ्यांना आम्ही बाहेरच्या कट्ट्यावर हलवलं होतं. एक जादा पेपर कसा कोण जाणे त्यांच्या हाती लागला होता आणि तेही आपापसांत सोडवत होते. "कोंबड्याला जशी छत्री, तसं विहिरीला काय?" एकानं वाचून दाखवलं. दुसरा म्हणाला, "अनुदान." आणि कट्टा खदखदून हसला.

आत मात्र कुणी हसत नव्हतं. डी.एड. झालेला एक मुलगा बोटांवर अक्षरं मोजत होता. मीठ दोन अक्षरी, उंबरा तीन अक्षरी. सासू दोन अक्षरी, म्हणजे उत्तर तीन अक्षरी. त्यानं 'सासरा' लिहिलं आणि त्याचा चेहरा उजळला. मग बिचारा सगळ्याच प्रश्नांत अक्षरं मोजत सुटला. त्याच्या शेजारच्या बाईंनी 'सून' लिहून खोडलं, 'जाऊ' लिहून खोडलं, मग कुणी बघत तर नाही ना असं पाहून पुन्हा 'सून' लिहिलं. एकजण डोळे मिटून बसला होता. पाठ केलेलं आठवतंय का, ते मनात चाळत असावा.

आणि शेवटच्या टेबलावर अनुसया तोडकर बसली होती. फिक्या जांभळ्या सुती साडीचा पदर तिनं कमरेला खोचला होता, जशी एखादी बाई निवडण-टिपण करायला बसते तशी. एकेका प्रश्नापाशी थांबायची, खिडकीबाहेर बघायची, मग बारीक अक्षरात लिहायची. उत्तराच्या रेघेवर एक शब्द, आणि समासात आणखी काहीतरी.

मी तिच्या टेबलाकडे फिरकलेच नाही. एकोणीस जणांत मला जवळून ओळखणारी तीच एक होती.

अनुसयाची आई गजराबाई. अकरा वर्षं मी वही घेऊन गावोगाव, आळीआळीतून ओव्या गोळा करत हिंडले, त्यात एकट्या गजराबाईंनी मला एकशे बारा ओव्या दिल्या. नुसतं बसून त्यांना ओवी यायची नाही. माझ्यासाठी त्या जात्यात मूठभर ज्वारी टाकायच्या आणि मगच तोंड उघडायच्या. समोर दुसरा हात खुंट्याला लावून परकरातली अनुसया बसलेली असायची. माझं लिहिताना काही निसटलं की तीच सांगायची, "बाई, 'मुठी' म्हणली आई. तुम्ही 'हाती' लिहिलं." ती ओवी माझ्या वहीत तिनं सुधारल्यासारखी आहे:

दळण मी दळीते, खुंटा धरीते घट्ट मुठी
नाव माझ्या मायेचं येतं आपसूक ओठी

पुढं अनुसयाचं लग्न झालं आणि चार वर्षांत ती माघारी आली. का आली ते आळीला ठाऊक होतं आणि मी कधी विचारलं नाही. गजराबाई गेल्यावर ती भावाच्या घरात राहिली. वाचनालयाच्या जागेसाठी अर्ज आले तेव्हा त्यात 'नोकरी का हवी' असा एक रकाना होता. बहुतेकांनी 'वाचनाची व समाजसेवेची आवड' असं लिहिलं होतं. अनुसयानं लिहिलं होतं, "माझी ट्रंक कुठे ठेवायची यावरून भावाच्या घरात रोज बोलणं होतं. पगार मिळाला तर एक खोली घेईन."

ती ओळ मी वाचली होती. अर्ज मीच लावून ठेवले होते. आणि पेपरही मीच काढला होता.

वाचनालयाचे अध्यक्ष रावसाहेब पिसाळ. तसा माणूस वाईट नव्हता. बाहेरगावी शिकणाऱ्या पोरींना ते एस.टी.चे पास काढून द्यायचे. परीक्षेच्या दहा दिवस आधी ते माझ्या घरी आले. चहा घेतला, वाचनालयाच्या सुवर्णमहोत्सवाचं बोलले. त्या निमित्तानं एखादं चांगलं पुस्तक काढावं असं समितीच्या मनात आहे आणि चांगलं पुस्तक म्हणजे आपल्या देशमाने बाईंच्या ओव्याच, असं म्हणाले. ती वही घेऊन मी कित्येक वर्षं छापणाऱ्यांच्या दारात उभी राहत होते. मग उठता उठता, चप्पल घालताना ते म्हणाले, "तेवढं आमच्या धैर्यशीलचं बघा. बहिणीचं एकुलतं एक आहे. सरळ पेपरात काय ते निघायचं नाही. तुम्ही हुशार माणूस, काहीतरी युक्ती करा."

मी युक्ती केली. आणि खोटं कशाला सांगू, ती करताना मला मजा आली.

शिष्यवृत्तीच्या परीक्षेत असतात तशा जोड्या. चिमणीला जसं घरटं, तसं मुंगीला काय? फक्त मी दहा जोड्या अशा केल्या की ज्यांना उत्तरच नाही. ओव्यांच्या वहीतून इथला एक शब्द, तिथला एक शब्द उचलला आणि एकमेकांशेजारी बसवला. रांजण, सावली, मीठ, उंबरा, मंगळवार. उत्तरं म्हणून समोर दिसेल ते लिहीत गेले. चौथ्याला पतंग. सातव्याला शिडी. आठव्याला काही दिसेना, तर आरशापाशी कंगवा पडला होता, कंगवा लिहिलं. ते दहा शब्द एका चिठ्ठीवर रावसाहेबांकडे गेले, धैर्यशीलनं पाठ करण्यासाठी.

मनाला मी असं समजावलं होतं: खऱ्या प्रश्नाचं उत्तर कुणाला आधी सांगितलं तर ती चोरी. इथं उत्तरच नाही, मग चोरायला आहे काय? जाणणाऱ्याचं काही हिरावलं जात नाही, कारण जाणण्यासारखं काही नाही. मराठी शिकवणाऱ्या बाईला शब्दांची अशी सोय फार लवकर सापडते.

पन्नास गुण सरळ प्रश्नांना होते, पन्नास या दहा जोड्यांना. निकाल पाच वाजता फळ्यावर लावायचा होता. दुपारी वाचनालयाच्या वरच्या खोलीत मी पेपर तपासायला बसले. रावसाहेब खाली कट्ट्यावर म्हाताऱ्यांशी गप्पा मारत थांबले होते.

सरळ प्रश्नांत धैर्यशीलला चोवीस मिळाले, अनुसयाला सेहेचाळीस. तेवढे कुणालाच नव्हते. मग मी धैर्यशीलच्या जोड्यांकडे वळले. पहिली बरोबर, दुसरी बरोबर, तिसरी बरोबर. आणि पुढं सगळंच चुकलेलं. मला कळेना. पुन्हा पाहिलं, तेव्हा लक्षात आलं: गड्याला चौथा शब्द आठवला नव्हता. पतंग गाळून त्यानं चौथ्याला पाचवा शब्द लिहिला, पाचव्याला सहावा, आणि अशीच सगळी ओळ एकेक पायरी वर सरकली. दहाव्याला शब्द उरला नाही, तिथं त्यानं 'पाणी' लिहिलं होतं.

तीन जोड्यांचे पंधरा. चोवीस आणि पंधरा, एकोणचाळीस.

अनुसयाला जोड्यांत शून्य मिळालं असतं तरी तिचे सेहेचाळीस होत होते.

त्या खोलीत एक लाकडी शिडी भिंतीला टेकलेली होती, वरच्या कपाटातली पुस्तकं काढायची. तिच्याकडे बघत मी किती वेळ बसले कोण जाणे. माझी युक्ती त्या बावळट मुलाच्या एका विसरण्यानं मोडली होती. मला काहीही करावं लागणार नव्हतं. नुसत्या बेरजा करून कागद खाली न्यायचा होता. रावसाहेबांना सांगता आलं असतं, की मी माझं केलं, तुमच्या भाच्यानं घोळ घातला. ते खरंही होतं.

मग मी अनुसयाच्या जोड्या वाचल्या. त्या वाचायला नको होत्या.

जात्याला जसा खुंटा, तसं आठवणीला काय? रेघेवर लिहिलं होतं: नाव. आणि समासात, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरात: "खुंटा धरल्याशिवाय जातं फिरत नाही, नाव घेतल्याशिवाय आठवण फिरत नाही."

कोंबड्याला जशी छत्री, तसं विहिरीला काय? झाकण. "कोंबडा आरवताना आणि विहीर कायमची, दोघांचं तोंड आभाळाकडं असतं. त्यांना झाकायला जाऊ नये."

मिठाला जसा उंबरा, तसं सासूला काय? ओठ. "तिन्हीसांजेला मीठ उंबऱ्याबाहेर देत नाहीत. तसं सासूचं बोलणं सुनेनं ओठाबाहेर काढू नये."

असंच पुढं. मी विणलेल्या नव्हे, नुसत्या विस्कटलेल्या दोऱ्यांना तिनं गाठ मारत नेली होती. फक्त सातवा मोकळा होता. रांजणाला जशी सावली, तसं मंगळवारला काय? बाकी उमेदवारांनी बुधवार लिहिलं होतं, गणपती लिहिलं होतं, उपवास लिहिलं होतं. अनुसयानं रेघ कोरी ठेवून समासात लिहिलं होतं, "याचं उत्तर आत्ता सुचत नाही. विचार करते."

खालून रावसाहेबांचा आवाज आला, "झालं का बाई? चहा थंड होतोय."

पुस्तक अजून निघायचं होतं. मी उत्तरांचा माझा कागद पुढं ओढला. चौथ्यापुढचं पतंग खोडलं आणि धैर्यशीलनं लिहिलेला शब्द तिथं लिहिला. मग पाचव्याचं बदललं, सहाव्याचं बदललं. सातव्यापुढची शिडी खोडून तिथं कंगवा लिहिलं. नवव्यापर्यंत असंच. दहावं मात्र मी तसंच ठेवलं, चूक. सगळंच बरोबर आलं तर बरं दिसणार नाही, एवढं भान मला त्याही वेळी होतं.

पिसाळांचा भाचा धैर्यशील, एकोणसत्तर. अनुसया तोडकर सेहेचाळीस अधिक शून्य.

पाचला फळ्यापाशी गर्दी झाली आणि पांगली. अनुसया मागं राहिली. जोड्यांच्या रकान्यातल्या आपल्या शून्याकडे ती बघत होती. मग माझ्याजवळ आली.

"एकही बरोबर नाही का, बाई?"

"नाही," मी म्हटलं.

तिनं मान हलवली आणि कमरेला खोचलेला पदर सोडून खांद्यावर घेतला. एवढंच.

पुस्तक निघालं. पहिल्या पानावर रावसाहेबांचे आभार आहेत, आणि गजराबाईंच्या एकशे बारा ओव्या त्यांच्या नावासकट आहेत. लोक म्हणाले, बाईंनी मातीतल्या बायकांना मान दिला. मी ऐकून घेतलं. धैर्यशील वाचनालयात बसू लागला. वाईट नव्हता तोही. पुस्तकं जागच्या जागी ठेवायचा. माझ्या पुस्तकाच्या पाच प्रती त्यानं दर्शनी कपाटात लावल्या, त्यामुळं मी तिकडं जायची बंद झाले.

दीड वर्षानं आमच्या नेहमीच्या गिरणीची मोटर जळाली, म्हणून ज्वारीचा डबा घेऊन मी नाक्यापलीकडच्या नव्या गिरणीत गेले. मंगळवार होता. आमच्या गावचा बाजाराचा दिवस, त्यामुळं गिरणीत कुणी नव्हतं. आत पट्टा फिरत होता आणि पिठानं पांढरी झालेली एक बाई जात्याच्या तोंडात धान्य सोडत होती. भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि हसली, तेव्हा मला ओळख पटली.

कोपऱ्यात, पोत्यांच्या थप्पीला लागून, एक हिरवी ट्रंक होती. तिच्यावरही पिठाचा थर बसला होता. ट्रंकेला जागा मिळाली होती तर.

गिरणीच्या आवाजात आम्ही मोठ्यानं बोललो. ती मागच्या खोपटात राहते म्हणाली. मालक बरा आहे म्हणाली. माझं पुस्तक वाचलं म्हणाली, वाचनालयातून आणून, दोनदा. "आईचं नाव छापलेलं बघितलं बाई, लई बरं वाटलं." मी ज्वारीत बोटं फिरवत राहिले. तिनं माझी ज्वारी वर ओतली, खाली डबा लावला, पीठ पडू लागलं. मग ती जरा घुटमळली.

"बाई, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचार की."

दळण संपत आलं होतं. शेवटचं पीठ झटकून तिनं खटका खाली ओढला. पट्टा फटफटत मंदावला आणि थांबला. एकदम इतकं शांत झालं की बाहेर नाक्यावरची माणसं बोलताना ऐकू आली. प्रश्न विचारण्यासाठी तिनं गिरणी बंद केली होती.

"त्या पेपरात सातवं होतं. रांजणाला सावली, तसं मंगळवारला काय. बाकीची माझी चुकली ती चुकली. पण हे काही केल्या सुटंना. दळताना तेच डोक्यात फिरतं. त्याचं उत्तर काय होतं?"

त्या शांततेत मला सांगता आलं असतं. उत्तर नव्हतंच, अनुसया. एकाही प्रश्नाला नव्हतं. तू लिहिलंस तेवढंच काय ते होतं. ही वाक्यं मी नंतर इतक्या वेळा मनात म्हटली आहेत की आता ती मला पाठ केलेल्या ओवीसारखी येतात. तेव्हा माझ्या तोंडून एकच शब्द आला.

"कंगवा."

"कंगवा," ती म्हणाली.

ती ट्रंकेच्या कडेवर टेकली. हाताच्या पिठाकडं बघत राहिली. मला वाटलं, आता हसेल. कट्ट्यावरचे म्हातारे हसले तशी हसेल, आणि सगळं उघडं पडेल. मी त्याची वाट बघत होते, असंही म्हणता येईल.

तिचा चेहरा हळूहळू बदलला.

"रांजण दिवसभर दुसऱ्याची तहान भागवतो," ती सावकाश म्हणाली, जशी गजराबाई पहिला चरण लावायच्या. "त्याला त्याच्यासाठी म्हणून काय, तर तेवढी सावली. आन् बाई आठवडाभर दुसऱ्याचं करती. मंगळवारी बाजाराला निघताना आरशापुढं उभी राहून केसांवरनं कंगवा फिरवती, तेवढंच तिचं तिच्यासाठी." तिनं वर पाहिलं. "असंच ना, बाई?"

मी मान हलवली.

"मला कसं सुचलं नाही," ती म्हणाली. "म्हणजे बाकीच्या प्रश्नांचीपण अशीच खोल उत्तरं असणार. माझी आपली वरवरची." मग पदरानं हात पुसत उठली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "खरं सांगू का? इतके दिवस मला वाटायचं, पेपरच खोटा होता. धैर्यशीलभाऊंना कसं काय आलं असंल, असं मनात यायचं. तुम्हांलापण मनातल्या मनात बोल लावला. आईच्या ओव्या लिहून घेणाऱ्या बाई तुम्ही, अन् मी तुमच्यावर संशय घेतला. मनावर घेऊ नका."

"नाही गं," मी म्हणाले. माझा आवाज नेहमीसारखाच निघाला.

तिनं वाकून डब्यातलं पीठ हातानं दाबून सारखं केलं, घट्ट झाकण लावलं आणि डबा उचलून माझ्या कमरेवर दिला. गरम आहे, पदर मध्ये घ्या, असं म्हणाली. मी उंबरा उतरले तेव्हा मागं गिरणी पुन्हा सुरू झाली.

पुढच्या वर्षी ती ट्रंक घेऊन इचलकरंजीला गेली, असं कळलं. मला ती पुन्हा भेटली नाही.

त्या दिवशी नाक्यापासून माझं घर वीस मिनिटांच्या वाटेवर होतं. समोरून बाजाराला निघालेल्या बायका येत होत्या, सगळ्यांचे केस चापूनचोपून विंचरलेले. डबा पाचच मिनिटांत कमरेला भाजू लागला. पदर मध्ये घेता आला असता, कूस बदलता आली असती. घर येईपर्यंत मी दोन्ही केलं नाही.